चिंध्यांचा तारा : ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ या कथेतील गोधडीचे पुनर्वाचन

सारांश

आफ्रिकी-अमेरिकी लेखिका ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेच्या केंद्रस्थानी जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून शिवलेल्या दोन गोधड्या आहेत. त्यांपैकी एक ‘लोन स्टार’ म्हणजे आठ टोकांच्या एका मोठ्या ताऱ्याच्या नमुन्याची आहे. या गोधड्यांचे वाचन आजवर प्रामुख्याने वारशाचे प्रतीक म्हणून झाले आहे. मात्र असा तारा प्रत्यक्ष कसा शिवला जातो हे लक्षात घेतल्यास कथेतील संघर्षाचा अर्थ अधिक नेमका होतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. १९७१ नंतर गोधडीला लाभलेली संग्रहालयीन प्रतिष्ठा, सुझन ग्लास्पेल यांची नाट्यकृती, हॅरिएट पॉवर्स आणि जीज बेंड येथील स्त्रियांच्या गोधड्या यांच्या आधारे ही भूमिका तपासून पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजसंज्ञा : गोधडी, लोन स्टार, वारसा, कौशल्य, स्त्रीवादी समीक्षा, आफ्रिकी-अमेरिकी साहित्य.

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीत एखादी वस्तू वारंवार येऊ लागली की समीक्षा तिला प्रतीकाचा दर्जा देते. हा दर्जा मिळाल्यावर वस्तूचे वस्तूपण मागे पडते आणि तिच्याविषयी काहीही बोलण्याची मोकळीक समीक्षकाला मिळते. अमेरिकेतील स्त्रीवादी समीक्षेत गोधडीच्या बाबतीत असे काही प्रमाणात घडले आहे. एलेन शोवॉल्टर यांनी तुकडे जोडण्याची क्रिया आणि स्त्रियांचे लेखन यांचा संबंध विस्ताराने मांडला. ह्यूस्टन बेकर आणि शार्लट पिअर्स-बेकर यांनी १९८५ मध्ये वॉकर यांच्या याच कथेच्या संदर्भात गोधडी आणि समूहजीवन यांचा विचार केला. या मांडणीचे मोल मोठे आहे. कारण घरकामात गणल्या गेलेल्या एका कलेला तिने विचारविश्वात स्थान दिले. तथापि ‘गोधडी म्हणजे तुकड्यांतून साधलेली एकात्मता’ हे सूत्र एकदा रूढ झाल्यावर ती एकात्मता साधते कशी, हा प्रश्न सहसा विचारला गेला नाही.

येथे ‘गोधडी’ हा शब्द अमेरिकी ‘क्विल्ट’साठी योजला आहे. दोहोंच्या घडणीत फरक आहे. त्याचा विचार पुढे येईल.

२. कथेतील पेच

कथेची निवेदक ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण, कष्टकरी आई आहे. तिला दोन मुली आहेत. थोरली डी शिकून शहरात गेलेली, आत्मविश्वासाने वावरणारी. धाकटी मॅगी घराला लागलेल्या आगीत भाजलेली, बुजरी, आईजवळ राहिलेली. डी एका मित्रासह घरी येते, तेव्हा तिने आपले नाव बदलून आफ्रिकी वळणाचे ‘वँगेरो’ हे नाव घेतलेले असते. ती घराची छायाचित्रे काढते, ताक घुसळण्याच्या भांड्याचे झाकण आणि रवी शोभेसाठी मागते, आणि शेवटी आईच्या पेटीतून दोन गोधड्या बाहेर काढते. या गोधड्या मॅगीला तिच्या लग्नात द्यायच्या असे आईने ठरवलेले असते. मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकेल, ही डीची तक्रार. तू त्यांचे काय करणार, असे आईने विचारल्यावर त्या टांगून ठेवण्याखेरीज दुसरे उत्तर तिच्याजवळ नसते. आई त्या गोधड्या तिच्या हातून काढून मॅगीच्या मांडीवर टाकते.

या घटनाक्रमावरून कथेचे ‘वापर विरुद्ध प्रदर्शन’ असे सरळ वाचन करता येते आणि बहुतेक वर्गांतून ते तसेच शिकवले जाते. या वाचनात डी दोषी ठरते, मॅगी विजयी ठरते आणि कथा संपते. परंतु वॉकर यांनी कथेत काही तपशील असे पेरले आहेत, की ज्यांच्याकडे हे वाचन पुरेसे लक्ष देत नाही. पहिला तपशील असा की, गोधड्यांचे तुकडे आजीने जोडले होते. ते चौकटीवर ताणून थरांसकट शिवण्याचे काम तिच्या मृत्यूनंतर आई आणि मावशी यांनी केले. दुसरा असा की, काठाला यंत्राची शिवण असलेल्या दुसऱ्या गोधड्या आई डीला देऊ करते आणि डी त्या नाकारते; तिला हाताच्याच टाक्यांच्या हव्या असतात. तिसरा असा की, महाविद्यालयात जाताना हीच डी आईने देऊ केलेली गोधडी जुनाट म्हणून नाकारून गेली होती. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा तपशील असा की, मॅगीला गोधडी शिवता येते. आजी आणि मावशी यांनी तिला ते शिकवले आहे.

हा चौथा तपशील कथेत जाता जाता येतो. त्याचे वजन कळायचे तर ‘शिवता येते’ या दोन शब्दांत काय सामावले आहे ते पाहणे आवश्यक आहे.

३. ताऱ्याची रचना

लोन स्टार नमुन्यात गोधडीच्या मध्यबिंदूपासून आठ मोठे शंकरपाळी आकार बाहेर पसरतात. प्रत्येक आकार पुन्हा लहान लहान शंकरपाळ्यांच्या ओळींनी बनलेला असतो. एका मोठ्या आकारात सात ओळी आणि प्रत्येक ओळीत सात तुकडे धरले, तर एका आकारात ४९ आणि आठांत मिळून ३९२ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा टोकदार कोन ४५ अंशांचा असतो. आठ कोन मिळून ३६० अंश होतात आणि तेव्हाच कापड सपाट बसते. प्रत्येक कोन एका अंशाने मोठा झाला तर बेरीज ३६८ होते आणि कापडाला कडेने लाटा येतात. एका अंशाने लहान झाला तर ती ३५२ होते आणि तारा मध्यभागी शंकूसारखा वर उचलला जातो. जमिनीवर पसरल्यावर अशी गोधडी आपले वैगुण्य लपवू शकत नाही.

दुसरी अडचण कापडाच्या स्वभावाची आहे. शंकरपाळ्याचा आकार कापताना त्याच्या किमान दोन कडा उभ्या-आडव्या धाग्यांना तिरक्या, म्हणजे उरेब, येतात. उरेब कड हाताळताना ताणली जाते. त्यातच तुकडे नवीन थानातील नसून जुन्या कपड्यांचे असतील, तर एक तुकडा जाड सुती, दुसरा झिजून विरलेला, तिसरा घट्ट विणीचा असतो आणि तिघांची ताण सोसण्याची रीत वेगळी असते. शिवणीसाठी साधारण पाव इंच कापड आत सोडायचे असते. ही शिवण प्रत्येक वेळी केवळ एक-सोळांश इंच अधिक आत गेली, तर दोन्ही बाजू मिळून प्रत्येक शिवणीत एक-अष्टमांश इंच कापड घटते. सात ओळी जोडणाऱ्या सहा शिवणींत ही घट पाऊण इंच होते. शेजारच्या आकारात ती तेवढीच झाली नाही, तर दोन्हींची टोके जुळत नाहीत. ताऱ्याच्या गोधडीत चूक जागच्या जागी थांबत नाही. ती केंद्रापासून कडेपर्यंत वाढत जाते.

ही अडचण ओलांडण्यासाठी निरनिराळ्या पद्धती वापरात आल्या. पुठ्ठ्याच्या नमुन्यावर एकेक तुकडा कापून हाताने जोडणे ही जुनी पद्धत. निरनिराळ्या रंगांच्या लांब पट्ट्या टप्प्याटप्प्याने सरकवून जोडायच्या, त्या जोडपट्टीतून ४५ अंशांत तिरक्या ओळी कापायच्या आणि त्या ओळी पुन्हा एकमेकींना जोडायच्या, ही पट्ट्यांची पद्धत. तिसरी पद्धत अगदी निरुंद उरलेल्या पट्ट्यांसाठी आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा वर्तमानपत्राचा किंवा जुन्या कापडाचा तुकडा पाया म्हणून घ्यायचा. त्यावर एक पट्टी ठेवायची, दुसरी तिच्यावर पालथी ठेवून पायासकट शिवायची, उलटून दाबायची, मग तिसरी. पाया झाकला गेला की बाहेर आलेली टोके त्याच्या कडेने कापायची. पाया कागदाचा असेल तर शेवटी तो फाडून काढतात. या पद्धतीत पट्ट्यांची रुंदी, रंग, क्रम यांना कोणताही नियम नसतो. नियम असतो तो केवळ बाहेरच्या आकाराला. उरेब कडेला आवरण्याचे काम पाया करतो. म्हणूनच अन्य कामास निरुपयोगी अशा बोटभर रुंदीच्या चिंध्यांतूनही काटेकोर तारा उभा राहतो.

कथेतील आजीने यांपैकी कोणती पद्धत वापरली हे वॉकर सांगत नाहीत. तथापि तिच्या गोधड्यांत काय आहे हे त्या नेमके सांगतात: आजीच्या अर्धशतकापूर्वीच्या झग्यांचे तुकडे, आजोबांच्या सदऱ्यांचे तुकडे आणि पणजोबांनी यादवी युद्धात घातलेल्या गणवेशाचा काडेपेटीएवढा निळा तुकडा. दोन पिढ्यांची, तीन पोतांची ही कापडे एका ताऱ्यात सपाट बसवायची म्हणजे प्रत्येक कापडाचा ताण बोटांना कळला पाहिजे. हे ज्ञान गोधडीकडे पाहून मिळत नाही. ते शेजारी बसून, चुकलेली शिवण उसवून आणि पुन्हा घालूनच मिळते. मॅगीजवळ आहे ते हे ज्ञान. त्यामुळे गोधड्या बहिणीला देऊन टाकण्याची तिची तयारी निव्वळ दुबळेपणातून येत नाही. आजीची आठवण ठेवायला आपल्याला गोधड्यांची गरज नाही, असे ती म्हणते तेव्हा ती वस्तुस्थिती सांगत असते. आजी तिच्या हातांत आहे.

४. भिंतीवरची गोधडी : १९७१ ते १९७३

डीच्या मागणीकडे व्यक्तिगत उथळपणा म्हणून पाहिले जाते. त्या मागणीला एक काळ आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. १९७१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टिन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकी गोधड्यांचे प्रदर्शन भरले. अमूर्त चित्रे मांडावीत तशा त्या भिंतींवर मांडलेल्या होत्या आणि त्यांची निवड दृश्य परिणामाच्या निकषावर झाली होती. या प्रदर्शनाने गोधडीकडे पाहण्याची दृष्टी पालटली हे निर्विवाद आहे. परंतु ती पालटताना गोधडी करणाऱ्या स्त्रियांपेक्षा ती पाहणारा डोळाच महत्त्वाचा ठरला. १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी यांनी गोधडी ही मुळातच स्त्रियांची महान कला असल्याचे ठामपणे मांडले आणि चित्रकलेच्या फूटपट्टीने तिला मोजण्यावर आक्षेप घेतला.

वॉकर यांची कथा याच वर्षीची. डी काही वर्षांपूर्वी गोधडी जुनाट म्हणून नाकारते आणि आता तीच हाताच्या टाक्यांची असावी असा आग्रह धरते. या दोन प्रसंगांमध्ये गोधडीत काहीच बदल झालेला नाही. बदल झाला आहे तो बाजाराच्या आणि संग्रहालयाच्या नजरेत. डी ती नजर शिकून आली आहे. तिने शिवण मात्र शिकलेली नाही. हाताचा टाका ओळखणे आणि हाताने टाका घालणे यांतील अंतर हाच या कथेचा खरा विषय आहे.

५. शिवण वाचणाऱ्या स्त्रिया

करण्याच्या ज्ञानातून वाचण्याची क्षमता कशी येते, याचे उत्तम उदाहरण सुझन ग्लास्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेत आणि तिच्यावरून त्यांनीच लिहिलेल्या ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (१९१७) या कथेत आढळते. एका शेतकऱ्याचा खून झाला आहे आणि पत्नीवर संशय आहे. पुरुष अधिकारी कोठारात आणि माडीवर पुरावा शोधतात. स्वयंपाकघरात थांबलेल्या दोन स्त्रियांना मात्र अर्धवट गोधडीचे चौकोन दिसतात. नमुना ‘लॉग केबिन’ म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या रचत जाण्याचा आहे. सर्व चौकोनांची शिवण नेटकी, आणि एकाचीच वेडीवाकडी. त्या एका शिवणीवरून त्यांना त्या बाईच्या मनाची अवस्था कळते. त्यांपैकी एक जण ती शिवण उसवून पुन्हा नीट घालू लागते, म्हणजे जाणता-अजाणता पुरावा नष्ट करते. पुरुष या गोधडीच्या चर्चेला हसतात. त्यांना दृष्टी नाही असे नव्हे. त्यांनी कधी शिवलेले नाही.

वॉकर यांच्याच ‘द कलर पर्पल’ (१९८२) या कादंबरीत सीली आणि सोफिया भांडणात फाटलेल्या पडद्यांचे तुकडे घेऊन ‘सिस्टर्स चॉइस’ या ताऱ्याच्याच कुळातील नमुन्याची गोधडी करू लागतात. शग आपला जुना पिवळा झगा त्यासाठी देते आणि सीलीला ते पिवळे तुकडे ताऱ्यांसारखे भासतात. सीलीने पूर्वी सोफियाला मारण्याचा सल्ला तिच्या नवऱ्याला दिलेला असतो. त्या अपराधाची कबुली झाल्यावर ही शिवण सुरू होते. येथे समेट आधी होतो आणि गोधडी त्याचे चिन्ह म्हणून नंतर येते, असे नाही. एकमेकींजवळ बसून तुकडे जुळवत राहणे हाच समेट आहे. शिवणकामाला प्रतीक म्हणण्याऐवजी कृती म्हणून वाचले, तरच हे लक्षात येते.

६. डीची बाजू

उपरोक्त विवेचनावरून संग्रहालय हे गोधडीचे मरण आहे असा निष्कर्ष काढला तर तो अन्यायकारक ठरेल. डीची भीती खरी आहे. वापरलेली गोधडी संपते. जॉर्जिया राज्यात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन चित्रमय गोधड्या आज उपलब्ध आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत, तर दुसरी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. १८८६ च्या एका मेळ्यात पहिली गोधडी पाहून जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे आर्थिक अडचणीमुळे त्यांना ती पाच डॉलरला विकावी लागली. त्यानंतरही त्या आपली गोधडी पाहण्यासाठी स्मिथ यांच्याकडे जात राहिल्या. स्मिथ यांनी प्रत्येक चित्राचा पॉवर्स यांनी सांगितलेला अर्थ लिहून ठेवला. बोस्टनच्या गोधडीत १८३३ च्या नोव्हेंबरमधील उल्कावर्षावाचे चित्र आहे. ती रात्र पॉवर्स यांच्या जन्मापूर्वीची. लोकांच्या तोंडून ऐकलेले ते कोसळणारे तारे कापडात टिकले, ते गोधडी कोणीतरी जपली म्हणूनच.

पण जपणुकीतही उणीव राहू शकते. वॉकर यांनी आपल्या ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’ (१९७४) या निबंधात स्मिथसोनियनमधील एका विलक्षण गोधडीचा उल्लेख केला आहे. तिची कर्ती त्यांना अलाबामातील एक अनामिक कृष्णवर्णीय स्त्री म्हणून भेटते. हा उल्लेख पॉवर्स यांच्याच गोधडीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर कापड सुरक्षित राहूनही नाव आणि गाव दोन्ही वाटेत गळाले होते.

अलाबामातील जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. येथील स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांच्या पट्ट्यांपासून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन येथे आणि त्यानंतर व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शित झाल्या. १९७१ पेक्षा फरक असा की, या वेळी कर्त्या स्त्रियांची नावे गोधड्यांसोबत होती. २००६ मध्ये त्यांच्या गोधड्यांवर टपाल तिकिटेही निघाली. तरीही २००७ मध्ये मोबदला आणि हक्क यांवरून काही स्त्रियांनी न्यायालयात दावे दाखल केले आणि पुढील वर्षी ते तडजोडीने मिटले. भिंतीवर चढलेली गोधडी कोणाची, हा प्रश्न नाव लिहिल्याने पुरता सुटत नाही.

याच वस्तीतील मिझुरी पेटवे यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. आठवण आणि वापर यांत डीला दिसणारा विरोध त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. ही गोधडीही आज संग्रहालयात आहे आणि तिच्यावरील डाग, विटलेले गुडघे, उसवलेल्या खिशांच्या गडद खुणा यांच्याशिवाय तिचे वाचन होऊ शकत नाही. संग्रहालयात जाऊनही ती वाचनीय राहिली, कारण तिच्या करण्याची हकिकत तिच्यासोबत गेली.

७. मराठी वाचकाच्या संदर्भात

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. घडणीत मात्र भेद आहे. अमेरिकी पद्धतीत वरचा थर आधी तुकडे जोडून पूर्ण होतो, मग कापसाचा थर आणि अस्तर लावून तिन्ही एकत्र शिवतात. आपली गोधडी किंवा वाकळ प्रायः जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने घट्ट केली जाते. तुकडे त्या ओघात बसवले जातात. तेथे भूमितीची शिस्त आधी, येथे धावदोऱ्याची लय आधी. त्यामुळे ताऱ्याच्या गोधडीचे निकष वाकळीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

समीक्षेची सवय मात्र दोन्हीकडे सारखी आहे. मराठी लेखनात गोधडी आली की ‘मायेची ऊब’ हे शब्द बहुधा पाठोपाठ येतात. शिवणाऱ्यांच्या भाषेत ‘माया’ म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड. ती कमी सोडली तर शिवण उसवते, अधिक सोडली तर गाठ येते. भावनेची माया आपण नेहमी पाहतो. शिवणीतील माया दिसत नाही, कारण ती आतच असते. आज गोधड्या शहरी दुकानांत आणि प्रदर्शनांत मानाने मांडल्या जात असताना ही आतली माया कोणी मोजली, किती बैठकांत, कोणत्या उजेडात, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

८. निष्कर्ष

‘एव्हरीडे यूज’ या कथेत आईचा निर्णय वापराच्या बाजूने दिलेला कौल असला तरी तेवढ्यावर तो संपत नाही. फाटलेल्या गोधड्यांच्या जागी मॅगी नव्या शिवू शकेल, हे आईला ठाऊक आहे. भिंतीवरचा तारा एकच राहील. मॅगीच्या हातातून आणखी तारे निघू शकतील. वारसा म्हणून जपायची गोष्ट कापड असेल तर डीचे म्हणणे रास्त आहे; ती गोष्ट कौशल्य असेल तर निर्णय आईचा रास्त आहे. वॉकर यांनी दुसरी बाजू उचलली आहे. परंतु पॉवर्स यांच्या गोधड्या साक्ष देतात की, शिकणारी मॅगी प्रत्येक घरात असतेच असे नाही. जिथे ती नसते, तिथे संग्रहालय आवश्यक ठरते आणि तिथेच त्याची जबाबदारी वाढते. कर्तीचे नाव, तिची पद्धत आणि कापडाचा पूर्वेतिहास गोधडीसोबत नोंदवला गेला नाही, तर भिंतीवर केवळ रंगसंगती उरते.

समीक्षेलाही हेच लागू आहे. गोधडीला प्रतीक म्हणण्यापूर्वी तिची एक शिवण तरी वाचता आली पाहिजे. आठ कोन जुळून तारा सपाट बसतो तो रूपकाच्या बळावर नव्हे. प्रत्येक टाक्याला कोणीतरी सोडलेल्या पाव इंचाच्या बळावर बसतो.